शेताची लाईन रातभर

वारलूभाऊ मडावी आमच्या मागच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक, बायकोची, नीलाबाईची, शिलाई मशीन आणि दोन मातीची मडकी होती. मडकी पिण्याच्या पाण्याची नव्हती. त्यांना आतून मिठाचा थर चढला होता आणि तोंडाशी लाकडाची आडवी पट्टी बांधलेली होती. आईला राहवलं नाही. तिने एकदा त्यातलं एक मडकं राखेने घासून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही मडकी खाटेखाली गेली.

ते नाटकात लाईट करायचे. वडसा हे नाटक कंपन्यांचं गाव आहे. दिवाळी होऊन धान घरात आलं की चंद्रपूर-गडचिरोलीच्या या पट्ट्यात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपटाला बैलजोड्या धावतात आणि त्या रात्री गावात नाटक असतं. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे शेतात, माती खणून लोकांना बसायला उतरती जागा करतात. खणलेल्या मातीचाच ओटा म्हणजे रंगमंच. लेकी-जावई येतात, सोयरिकी तिथेच जुळतात. थंडीत तणसावर चादरी अंथरून दोन-दोन हजार माणसं उजाडेपर्यंत बसून राहतात. होळीपर्यंत हे चालतं. कंपनीच्या हँडबिलावर नट्यांचे फोटो मोठे असतात, लेखकाचं नाव त्याहून लहान, आणि अगदी खाली, कागदाच्या घडीत जाईल अशा जागी छापलेलं असायचं : प्रकाशयोजना – वारलू मडावी.

वारलूभाऊ एटापल्लीच्या पलीकडच्या एका रानातल्या गावचे. घरात माडिया बोलत. मराठी त्यांना आश्रमशाळेत जाईपर्यंत येत नव्हती, आणि पहिलं नाटक त्यांनी त्याच्याही आधी पाहिलं, मामाच्या खांद्यावर बसून. नाटकातली माणसं काय बोलत होती ते त्यांना अजिबात कळलं नाही. पण पडद्याच्या कडेला एक माणूस उभा होता. त्याच्या हातात सूप होतं. तो गॅसबत्तीसमोर सूप धरायचा तेव्हा नाटकात रात्र व्हायची; सूप हळूहळू बाजूला घ्यायचा तेव्हा उजाडायचं. एकदा त्याने सूप अर्धंच धरलं आणि सगळे रडायला लागले. हे सांगताना वारलूभाऊ अजूनही तळहात आडवा धरत.

"नाटक मले त्या सूपवाल्यानंच सांगितलं," ते म्हणायचे. "बाकीचे नुसते तोंड हालवून राह्यले होते."

शाळा सुटल्यावर ते वडशाला आले आणि लटारूभाऊंकडे राहिले. लटारूभाऊ त्या काळी कंपन्यांचे लाईट करत. शहरातून डिमर आणायची कोणाची ऐपत नव्हती, म्हणून मडक्यात मिठाचं पाणी भरायचे. तळाशी एक लोखंडी पट्टी, वरून दोरीला टांगलेली दुसरी. वरची पट्टी पाण्यात सोडली की दिवा मंद लागतो, खाली नेली की वाढतो. दोन्ही पट्ट्यांमधून करंट जाताना पाणी बारीक सूं आवाज करतं. मीठ जास्त पडलं तर उकळतं. ओल्या हाताने दोरी धरली तर माणूस जातो. लटारूभाऊंची दोन बोटं अशीच काळी पडून वाकडी झाली होती. त्याच बोटांनी ते वारलूला पट्टी किती सोडायची ते दाखवत आणि चुकला की त्याच बोटांनी टोला हाणत.

पुढे मडकी गेली. नागपूरहून बटणांचे डिमर आले, मग रंग बदलणारे एलईडी आले. वारलूभाऊ तेही शिकले. पण एका प्रवेशासाठी त्यांनी मडकी सोडली नाहीत. कंपनीच्या सगळ्यात चालणाऱ्या नाटकात तिसऱ्या अंकात आई मरते. ओट्यावर बसून, दाराकडे बघत, मुलाची वाट पाहत. दुसऱ्या कंपन्यांत अशा वेळी लाल दिवे फडफडतात आणि विजा कडाडतात. वारलूभाऊ काहीच करत नसत. बाकीचे दिवे विझवून एकच फोकस आईच्या मांडीवरच्या हातांवर ठेवायचे आणि मडक्यातली पट्टी वर घेत राहायचे, इतक्या सावकाश की उजेड कमी होतो आहे हे समजत नसे. आई नेमकी कधी गेली यावर लोक दुसऱ्या दिवशी बांधावर बसून वाद घालत. नटी एवढंच म्हणायची की मला मरावं लागत नाही, वारलूभाऊ मारतात. या भागात त्या प्रवेशाला वारलूचं मरण असंच नाव पडलं होतं. हे कुठून सुचलं असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, चिमणीतलं तेल सरते तसं करतो, दुसरं काय.

आता लाईनचं सांगायला हवं.

गावातल्या विजेवर नाटकाचे दिवे चालत नाहीत. घरोघरी टीव्ही लागले की विजेचा दाब उतरतो आणि फोकस पिवळे होतात. शेतीच्या मोटारींसाठी असलेली लाईन दमदार असते. ती एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. पण नाटकाच्या रात्री, पाळी कोणतीही असो, गावकरी विनंती करून ती लाईन सकाळपर्यंत चालू ठेवून घेतात. कागदावर नसलेली, सगळ्यांना ठाऊक असलेली ही सोय आहे. बांबूला आकडा बांधून तारेवर टाकायचा आणि नाटक सुरू करायचं.

त्याच लाईनवर गावातले लोक आणखी एक काम करतात. धानानंतर बांधीत लाखोळी, हरभरा असतो आणि त्यावर रानडुकरं येतात. एका रात्रीत कुटुंबाचं वर्ष उकरून जातात. म्हणून काही जण शेताभोवती उघडी तार फिरवून तिचं टोक सांजेला लाईनवर टाकतात आणि सकाळी उतरवतात. हा गुन्हा आहे आणि तो पुष्कळ जण करतात. दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात ही तार रात्रभर मेलेली पडून असते, म्हणून कोणी ती काढायच्या भानगडीत पडत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात नाटक आलं तर मेलेली तार रात्री जिवंत होते.

लटारूभाऊंच्या काळात अशा तारेला लागून एकाचा बैल मेला होता. तेव्हापासून त्यांनी नियम केला. नांदी व्हायच्या आधी लाईटवाल्याने स्वतः माईकवर जायचं आणि सांगायचं : आज शेताची लाईन रातभर चालू राहीन. ज्यानं तार लावली असंन त्यानं काढून घ्यावी. दुसरा नियम असा की लाईटचं मचाण डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला, लागून बांधायचं. पेटीतला मेन हाताशी असावा. काही झालं तर तो एक खटका ओढला की नाटक आणि शेतं दोन्ही बंद. वारलूभाऊंनी हे दोन्ही नियम लटारूभाऊ गेल्यावरही पाळले. लोक त्यांची चेष्टा करायचे. आले आमचे कोतवाल, म्हणायचे. पण चार माणसं उठून, कानटोप्या ओढून शेताकडे जाऊन यायची.

पळसटोल्याची मंडई त्या वर्षी दिवसाच्या पाळीच्या आठवड्यात आली. नाटकाच्या उद्घाटनाला वनखात्याचे एक साहेब आले होते आणि शेजारी ठाणेदार बसले होते. नाटक मंडळाचे अध्यक्ष मुखरूभाऊ. पन्नाशीचा, सावळा, सतत घाईत असलेला माणूस. मंडईसाठी महिनाभर दारोदार फिरून त्याने आवाज बसवून घेतला होता. वारलूभाऊ माईककडे निघाले तसा त्याने त्यांना कनातीमागे ओढलं.

"वारलूभाऊ, आज ते तारेचं नोका बोलू."

वारलूभाऊंनी विचारलं, काऊन.

"पुढी फॉरेस्टचे साहेब बसून राह्यले. तुम्ही तिकडे माईकवर सांगान अन् इकडे हे विचारतीन, कोनाकोनाची तार हाये. अर्धं गाव उद्या ठाण्यात. मी मानसं पाठवतो ना घरोघरी. माह्या शब्दावर ठेवा."

वारलूभाऊ थांबले. मुखरूने माणसं पाठवली, हेही त्यांनी मचाणावरून पाहिलं. टॉर्च घेऊन पोरं शेतांकडे गेली आणि परत आली. ते माईकवर गेले नाहीत.

मुखरूने सगळ्या गावाच्या तारा काढून घेतल्या. त्याची स्वतःची बांधी गावाच्या टोकाला, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठाशी होती. पाहुण्यांचे हार यायचे होते, साहेबांची खुर्ची डुगडुगत होती, एका नटीचं जेवण राहिलं होतं. पोरांनी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण अध्यक्षांची तार राहिली असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि त्याच्याही नाही.

सोनीबाई बोडीपलीकडच्या टोलीवर, एका लहान वस्तीत राहायची. नवरा कधीच गेलेला, एक मुलगा विक्की, तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा आणि त्या रात्री ब्रह्मपुरीकडे धान पोचवायला गेला होता. सोनीबाईने हे नाटक मागच्या साली बहिणीच्या गावी पाहिलं होतं. दोन अंक ती शेजारणीच्या चादरीत पाय घालून बसली, विनोदी पात्राला हसली, चणे खाल्ले. तिसरा अंक लागला आणि आई ओट्यावर येऊन बसली तशी ती उठली. शेजारणीने हात धरला तर म्हणाली, "मले नाई पाहवत वो ते मरण. मागच्या खेपेला आठ दिवस जेवन गेलं नाई. तू ये पाहून, मी चालली."

ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून निघाली. बोडीकडून टोलीचा रस्ता जवळ पडतो.

मचाणावर वारलूभाऊंनी बाकीचे दिवे विझवले होते. एका हातात मडक्याची दोरी होती. पट्टी वर येत होती. आईच्या हातांवरचा उजेड नुकता उतरू लागला होता आणि अचानक तो आपोआप खाली गेला. मडक्यातला सूं आवाज बसला. म्हणजे दिव्याचं काही बिघडलेलं नव्हतं, लाईनच बसली होती. कुठेतरी कोणाची तरी तार ओल्या मातीला टेकली होती. रंगमंचावर नटीलाही तो फरक जाणवला असणार, कारण ती पुढचं वाक्य बोललीच नाही. तिने नुसती मान दाराकडे वळवली. वारलूभाऊंनी दोरी थोडी सोडली, पट्टी खाली नेली, पडता उजेड सावरून धरला, आणि मग पुन्हा हळूहळू वर घेतली. मांडवात श्वासाचा आवाज नव्हता. मग एका बाईचा हुंदका आला, मग खूप बायांचे, आणि अंधार झाल्यावर टाळ्या. असं मरण त्यांच्याही हातून पूर्वी झालं नव्हतं, असं त्या प्रयोगाला आलेले लोक आजही सांगतात. पुढच्या प्रवेशाचे दिवे लावले तेव्हा लाईन अजून बसलेलीच होती. थोड्या वेळाने ती आपोआप वर आली.

उजाडताना घरी परतणाऱ्या टोलीच्या माणसांना सोनीबाई मुखरूच्या बांधीच्या धुऱ्यावर सापडली. तार तिच्याखाली जळून तुटली होती.

वारलूभाऊ तेव्हा केबल गुंडाळत होते. कंपनीचे मालक राजदीप धावत आले, त्यांच्यामागे मुखरू आणि मंडळातले दोघं-तिघं. मुखरूच्या अंगावर रात्रीचा हार अजून होता. त्याने वारलूभाऊंचे पाय धरले. बोलणं राजदीपनी केलं. म्हणाले, साहेब रात्रीच गेले, पोलिसांना यायला वेळ आहे. तार लावून माणूस मेला तर मुखरू जन्माचा आत जाईल. पण मांडवाच्या मागची केबल उघडी पडली आणि अंधारात म्हातारीचा पाय पडला, तर तो अपघात. अपघात कोणाच्याही हातून होतो. कंपनी पाठीशी राहील, गाव पाठीशी राहील.

"तुमचं नाव हाये, भाऊ," राजदीप म्हणाले. "तुम्ही सांगतलं तर कोनी दुसरं विचारनार नाई."

वारलूभाऊ केबल गुंडाळत राहिले. तेवढ्यात चौघांनी बाज आणली. सोनीबाईला तिच्यावर घालून ते धुऱ्यावरून, कापलेल्या धानाच्या खुंटांतून, मांडवाच्या मागे आले आणि त्यांनी तिला केबलजवळ ठेवलं. एकाने तिचं लुगडं नीट केलं. दुसऱ्याने पायातली एक चप्पल काढून लांब टाकली, खरं वाटावं म्हणून. मग सगळे वारलूभाऊंकडे बघू लागले. केबलचा जोड कसा उघडा पडतो ते बाकीच्यांना माहीत नव्हतं. चाकूने कापलेलं पोलिसांना ओळखू येतं. ते काम त्यांनीच करायचं होतं.

वारलूभाऊ खाली बसले. जोडावरची पट्टी त्यांनी आदल्या दिवशी स्वतः गुंडाळली होती. त्यांनी नखाने तिचं टोक शोधलं आणि ती सोडवू लागले.

हे ते मला सांगायचे तेव्हा इथेच अडायचे. एकदा म्हणाले, अर्धी सोडवली होती मी.

टोलीच्या वाटेने ट्रॅक्टरचा आवाज आला. विक्की आला. त्याला रस्त्यातच कळलं होतं की आई गेली. कशाने, ते कळलं नव्हतं. तो मांडवाच्या मागे आला, आईजवळ उकिडवा बसला, तिच्या पायाला लागलेली ओली काळी माती त्याने अंगठ्याने पुसली. मांडवाची जमीन कोरडी होती. त्याने ती माती बोटांत चोळली. मग वारलूभाऊंच्या हातातल्या केबलकडे पाहिलं.

"तुमच्या तारेनं मेली का माही माय?"

त्याला उत्तर देणारे तिथे पुष्कळ होते. राजदीप बोलायला पुढे झालेही. वारलूभाऊ त्यांच्या आधी म्हणाले, "नाई."

मग सगळं सांगितलं. तार कुठे होती, तिला तिथून कोणी आणलं, लाईन कोणी मागितली, माईकवर जायचं होतं आणि आपण गेलो नाही. मुखरू मातीत बसला आणि हार ओढून काढायला लागला. तो तुटेना, जरीचा होता.

मुखरूला अटक झाली. काही महिन्यांनी जामीन मिळाला, खटला चालू आहे. आकडा टाकल्याचा वेगळा गुन्हा वारलूभाऊंवर आहेच. बाज उचलणारे चौघंही आत जाऊन आले. पळसटोल्यात आता मंडई भरते पण नाटक होत नाही. आणि आसपासच्या गावांनी कंपन्यांना कळवलं की ज्याने गावाचा माणूस गावासमोर धरून दिला तो आमच्या ओट्यासमोर नको. राजदीप एकदा घरी येऊन गेले. चहा घेतला. म्हणाले, भाऊ, मी तुम्हाले काही म्हनत नाई, पन बुकिंगच होत नाई ना. पुढच्या हंगामात तेच नाटक निघालं. हँडबिलावर प्रकाशयोजनेच्या पुढे दुसरं नाव होतं. आईच्या मरणाला आता लाल दिवे फडफडतात असं ऐकलं.

वारलूभाऊ लग्नांत रोषणाईच्या माळा लावतात. झाडावर चढून माळ टाकायची, प्लग लावायचा. ती आपोआप लुकलुकते. तिला काही करावं लागत नाही. मंडपवाले त्यांना दुपारी बोलावतात आणि दिवे लागायच्या आधी सोडतात, त्यामुळे संध्याकाळी ते घरीच असतात. घरात एक ट्यूबलाईट आहे. ती ते लावत नाहीत, नीलाबाईला शिवायला लागते तेव्हा ती उठून लावते. पहिल्या वर्षी नीलाबाई त्यांच्यावर चिडलेली असायची. तिने खोटं बोला असं कधी म्हटलं नाही. एकदा भाकरी थापताना माझ्या आईला एवढंच म्हणाली, "खरं बोलले, बरं केलं बाई. पन खरं बोलून आल्यापासून हे मानूस माह्याशी बोलत नाई."

आम्हाला वाटायचं काम गेल्याचं दुःख असेल. कामाशिवाय अशी बसलेली माणसं आम्ही गल्लीत आणखीही पाहिली होती.

खटल्याची तारीख गडचिरोलीला असते. वारलूभाऊ साक्षीदार आहेत. त्यांची साक्ष झाली होती, मुखरूच्या वकिलाचे प्रश्न राहिले होते. त्या दिवशी माझंही गडचिरोलीत काम होतं, म्हणून आम्ही एकाच एसटीने गेलो आणि काम लवकर आटोपलं तशी मी कोर्टात त्यांच्याजवळ येऊन बसले. व्हरांड्यात लाकडी बाकं. पलीकडच्या टोकाला विक्की होता. तो प्रत्येक तारखेला येतो. वारलूभाऊंना नमस्कार करतो, दोघं एकाच बाकावर बसतात, बोलत नाहीत. समोर मुखरू एका खांबाला टेकून उभा होता. खूप वाळला होता. आमच्याकडे पाहत नव्हता.

विक्की खाली पाहत म्हणाला, "मागच्या तारखेले तुम्ही सांगतलं का लाईन बसली होती म्हून. कोर्टानं लिहिलं, थोडा वेळ."

वारलूभाऊंनी मान हलवली.

"थोडा म्हंजे किती?"

"तो सीन सरला. दुसरा लागला. त्याच्यातही होती."

विक्कीने हिशोब केला असावा. त्याने ते नाटक पाहिलं होतं. या भागात ते सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

"तुमच्याजवळ डीपीचा मेन होता."

"होता."

"मंग ओढला काऊन नाई?"

कोणी तरी पान थुंकायला कठड्याशी आलं आणि गेलं. वारलूभाऊंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"हात ठेवला होता मी मेनवर," ते म्हणाले. "डुक्कर लागते तवा लाईन बसते अन् उठते. हे उठली नाई. तवाच मले समजाले पायजे होतं." मग थांबून म्हणाले, "समजलं होतं, विक्की. कोनी तरी लागलं हाये, हे समजलं होतं. जनावर का मानूस, ते समजलं नव्हतं."

"अन्?"

"मांडव पार चूप झाला होता. बाई अशी बसली होती. लाईन बसल्यानं जो उजेड पडला तो मले कधीच पाडता आला नव्हता, वीस-पंचवीस सालात. मेन ओढला असता तर सगळं अंधारात गेलं असतं. मी म्हटलं, हे होऊ दे. एवढं होऊ दे अन् मंग ओढतो." त्यांनी मांडीवरचा उजवा हात उचलला, बघितला, पुन्हा ठेवला. "मेनवरचा हात काढून मी दोरीवर नेला. मंग लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते."

विक्की उठून उभा राहिला. मला वाटलं तो मारेल. वारलूभाऊंनाही वाटलं असावं, कारण ते बाकावर तसेच राहिले, अंग न चोरता. विक्कीने खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं, आणि बराच वेळ तोंडावरच धरून ठेवला.

"मले काऊन सांगता?" तो दुपट्ट्यातूनच म्हणाला. "हे आत सांगा."

हे आत सांगितलं तर काय होईल ते त्या व्हरांड्यात बसलेल्या कोणालाही कळलं असतं. मरणाचा दोष वारलूभाऊंवर येणार आणि मुखरूला सुटायची वाट मिळणार; त्याच्या वकिलाला तेवढंच हवं होतं. वारलूभाऊंनी होय म्हटलं. विक्की जाऊन मुखरूच्या पलीकडच्या बाकावर बसला, आणि मुखरूने पहिल्यांदाच मान वर करून वारलूभाऊंकडे पाहिलं.

शिपायाने नाव पुकारलं. ते आत गेले. वकिलाने पहिला प्रश्न नाव-गावाचाच विचारला असेल. तो पुरा व्हायच्या आधी वारलूभाऊंनी सांगायला सुरुवात केली.